शिकाऊ कारखान्याचं शिकाऊ विमान

धारवाडहून पुण्याच्या दिशेने निघालं, बेळगाव मागे पडलं, की तासाभरात संकेश्वर लागतं. मिरचीचं गाव. तिथे महामार्ग सोडून डावीकडे वळलं की गडहिंग्लज. या तालुक्यातल्या हसूरचंपू नावाच्या खेड्यात २४ ऑक्टोबर १९०८ रोजी विष्णू माधव घाटगे जन्मले. तेव्हा हा मुलूख कोल्हापूर संस्थानात होता. राइट बंधूंचं विमान उडून जेमतेम पाच वर्षं झाली होती आणि ते खरोखर उडतं यावर युरोपातली मंडळी त्याच वर्षी कुठे विश्वास ठेवू लागली होती. पुढे १९५१ मध्ये बंगळूरच्या धावपट्टीवरून एक विमान उडालं. भारतात आखलेलं आणि भारतातच बांधलेलं पहिलं विमान म्हणून त्याची नोंद होते. ते आखणाऱ्या चमूचे प्रमुख होते हे घाटगे. विमान लढाऊ नव्हतं, प्रवासीही नव्हतं. हवाई दलात भरती झालेल्या कोऱ्या पोरांना उडायला शिकवायचं, एवढ्यासाठी बनवलेलं ते दोन आसनी यंत्र होतं. नाव एचटी-२, हिंदुस्थान ट्रेनर.

विमानाचा विषय निघाला की मराठी माणसाला घाटगे आठवत नाहीत, शिवकर बापूजी तळपदे आठवतात. १८९५ साली गिरगाव चौपाटीवर त्यांनी विमान उडवल्याची कथा आपल्याकडे इतकी मुरली आहे की तिच्यावर २०१५ मध्ये हिंदी सिनेमाही निघाला. त्या उड्डाणाचा भरवशाचा समकालीन पुरावा मात्र नाही. या कथेच्या जोडीने जो ‘वैमानिक शास्त्र’ नावाचा ग्रंथ पुढे केला जातो, तो १९७४ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी गणिताच्या कसोटीवर तपासला आणि त्यात वर्णिलेली यानं उडूच शकणार नाहीत असा निर्वाळा दिला. गंमत अशी, की या संस्थेत १९४२ मध्ये विमान अभियांत्रिकीचा विभाग सुरू झाला तेव्हा त्याची घडी बसवणारे घाटगेच होते. दंतकथा तपासायची विद्या इथे रुजवणाऱ्यांत आपला एक माणूस आघाडीवर होता, आणि आपण लक्षात ठेवली ती दंतकथा.

घाटगे एम.एस्सी. झाले ते मुंबई विद्यापीठातून. त्या काळी धारवाडचं कर्नाटक कॉलेजसुद्धा याच विद्यापीठाच्या छत्राखाली होतं. कोल्हापूर, बेळगाव, धारवाड या पट्ट्यातल्या हुशार मुलांची वाट मुंबईवरूनच जाई. घाटग्यांची वाट तिथून पुढे जर्मनीतल्या ग्योटिंगनला गेली. तिथे लुडविग प्रांटल शिकवत होते. विमानविद्येत प्रांटल यांचं स्थान काय, हे समजल्याशिवाय प्रशिक्षण विमानाची गोष्ट पुढे सरकत नाही, म्हणून थोडं थांबू.

हवा पंखावरून वाहते तेव्हा पंखाला अगदी चिकटलेला तिचा थर जवळजवळ थांबलेला असतो. त्याच्यावरचा थर थोडा वेगाने, त्यावरचा आणखी वेगाने, असं करत काही मिलिमीटर वर गेल्यावर हवा आपल्या पूर्ण वेगात असते. या पातळ थराचा सिद्धांत प्रांटल यांनी १९०४ मध्ये हायडेलबर्गच्या परिषदेत मांडला. आधीच्या गणितज्ञांनी हा थर क्षुल्लक म्हणून सोडून दिला होता. प्रांटल म्हणाले, सगळा खेळ तिथेच आहे. पंख हवेला थोडा तिरका धरला की त्याला उचल मिळते. आणखी तिरका केला की आणखी मिळते. पण एका मर्यादेपुढे तो थर पंखाची पाठ सोडतो, हवा मागे भोवऱ्यांत विस्कटते आणि उचल एकदम ढासळते. वैमानिक याला स्टॉल म्हणतात. इंजिन बंद पडण्याशी याचा संबंध नसतो. इंजिन व्यवस्थित गरगरत असतानाही पंख स्टॉल होतो, आणि नवशिक्यांचे पुष्कळ जीव या एका गोष्टीने घेतले आहेत.

१९३६ मध्ये डॉक्टरेट घेऊन घाटगे परतले, तेव्हा या देशात विमान बनवणारा एकही कारखाना नव्हता. काही वर्षं त्यांनी कॉलेजात शिकवण्यात घालवली. दरम्यान सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी विमान कारखान्याचा ध्यास घेतला होता. पॅसिफिक ओलांडताना विमानात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकन व्यापाऱ्याशी गाठ पडली आणि बोलणी सुरू झाली. म्हैसूर संस्थानाने जागा आणि भांडवल दिलं, आणि डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी उभी राहिली. तिथे जोडलेलं आणि १९४१ मध्ये उडालेलं पहिलं विमान हार्लो नावाचं अमेरिकन होतं. तेही प्रशिक्षणाचंच. युद्ध दाराशी आल्यावर १९४२ मध्ये सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेतला, आणि पुढच्या वर्षी कारखाना अमेरिकन हवाई दलाच्या विमानांच्या दुरुस्तीसाठी वापरला जाऊ लागला.

ही दुरुस्ती पुढे फार कामाची ठरली. मोठमोठी धातूची विमानं उघडायची, वाकलेला पत्रा काढायचा, नवा बसवायचा, रिव्हेट मारायचे, यात बंगळूरच्या कामगारांचा हात तयार झाला. युद्ध संपल्यावर काम आटलं, तेव्हा याच कारखान्याने हात रिकामे राहू नयेत म्हणून रेल्वेचे धातूचे डबे बनवायला घेतले. विमानाच्या इतिहासात रेल्वेच्या डब्यांना सहसा जागा मिळत नाही. मला मात्र ती ओळ महत्त्वाची वाटते, कारण कारागीर टिकले ते त्या डब्यांवर. पत्रा वाकवणारा आणि रिव्हेट मारणारा माणूस एकदा पांगला की पुन्हा गोळा करायला दहा वर्षं जातात.

स्वातंत्र्याच्या वेळी हवाई दलाची पोरं टायगर मॉथवर शिकत होती. लाकूड, कापड आणि तारांचं ते दुहेरी पंखांचं विमान, बसायची जागा उघडी, पुढच्या-मागच्या माणसांत बोलायला रबरी नळी. सोबतीला ब्रिटनचं पर्सिव्हल प्रेंटिस आलं आणि परवाना घेऊन बंगळूरला बनूही लागलं. दुसऱ्याचा आराखडा घेऊन विमान जोडणं हे कारखान्याला आता जमत होतं. स्वतः आराखडा करणं वेगळं. त्यासाठी निवडलं गेलं प्राथमिक प्रशिक्षण विमान, आणि ही निवड शहाणपणाची होती. अशा विमानाचा वेग कमी, इंजिन लहान, यंत्रणा मोजक्या. पण वाऱ्याच्या बोगद्यातल्या चाचण्या, भार सोसण्याचं गणित, कंपनं, नियंत्रणं, सुरक्षिततेचं प्रमाणपत्र यातलं काहीही वगळता येत नाही. म्हणजे ज्यावर पुढे कॅडेट शिकणार, त्यावर आधी अभियंते शिकणार. या कारखान्यात दाखल झालेले घाटगे तोवर दहा आसनी ग्लायडर आखून बसले होते. इंजिनासकटचं संपूर्ण विमान मात्र कोणीच आखलेलं नव्हतं.

एचटी-२ आज पाहायचं तर हुबळीहून रात्रीची गाडी धरून बंगळूरला जावं आणि एचएएलच्या, म्हणजे याच कारखान्याच्या, वारसा संग्रहालयात त्याच्या अगदी जवळ उभं राहावं. नाक वर, शेपूट जमिनीला टेकलेली. पुढे दोन मोठी चाकं, मागे शेपटीखाली एक लहानसं. पंखांचा पसारा पावणेअकरा मीटर, लांबी साडेसात मीटर, पूर्ण वजन हजार किलोच्या किंचित पुढे. नाकाचं कवच अरुंद आणि लांबट दिसतं, कारण आतलं इंजिन एका ओळीत चार सिलिंडरचं आणि उलटं बसवलेलं आहे. सिलिंडर खाली, दांडा वर. यामुळे पुढचा दोन पात्यांचा पंखा जमिनीपासून उंच राहतो आणि वैमानिकाच्या नजरेसमोरचा अडथळा कमी होतो. पंख खालून अंगाला जोडलेले, बाहेरून एकही तार किंवा टेकू नाही. अंगभर रिव्हेटच्या रांगा. टायगर मॉथच्या शेजारी कल्पनेत उभं करून पाहा, मग दोघांतली एक पिढी दिसते.

दोन आसनं एकामागे एक. ती शेजारी-शेजारी ठेवावीत की एकामागे एक, हा वाद जगभर आजही चालू आहे. शेजारी बसलेल्या इन्स्ट्रक्टरला विद्यार्थ्याचा चेहरा दिसतो, घाबरलाय की गोंधळलाय ते कळतं, हाताने दाखवता येतं. एकामागे एक बसवलं तर विद्यार्थ्याला पहिल्या दिवसापासून लढाऊ विमानासारखं एकटं वाटतं, दोन्ही बाजू सारख्या दिसतात. प्रेंटिस पहिल्या पंथाचं होतं, एचटी-२ दुसऱ्या.

शेपटीखालच्या चाकाचंही तसंच. जमिनीवर नाक वर असल्याने विद्यार्थ्याला समोरची पट्टी दिसत नाही. नागमोडी चालवत, एकदा डावीकडून एकदा उजवीकडून डोकावत न्यावं लागतं. उतरताना विमान जरा तिरकं टेकलं, की मागे असलेलं वजन पुढच्या चाकांना वळसा घालून पुढे यायला बघतं आणि विमान जागच्या जागी गर्रकन फिरतं. पाय रडरवर, म्हणजे उभ्या शेपटीवरच्या सुकाणूच्या पायदाब्यांवर, सतत जागे ठेवावे लागतात. पुढे नाकाखाली चाक असलेली विमानं आली आणि हा त्रास संपला. जुन्या इन्स्ट्रक्टरांचं म्हणणं असे, की त्याबरोबर पायही झोपले. त्यांच्या म्हणण्यात थोडी कुरकुर असेल, पण तथ्यही आहे.

आता मूळ मुद्द्याकडे, म्हणजे स्टॉलकडे आणि त्यातून येणाऱ्या स्पिनकडे. विमान फार हळू झालं, नाक वर राहिलं आणि त्याच वेळी ते थोडं तिरकं चाललं, तर दोन्ही पंख सारखे स्टॉल होत नाहीत. एक जास्त होतो, एक कमी. जास्त झालेला खाली जातो. खाली जाताना हवा त्याला आणखी तिरकी लागते, म्हणून तो अधिकच स्टॉल होतो. वर गेलेल्या पंखाला मात्र उचल उरते. हे चक्र आपणच आपल्याला चालवत राहतं आणि विमान नाक खाली करून गिरक्या घेत पडू लागतं, महोगनीचं पंखवालं बी झाडावरून पडतं तसं. खिडकीबाहेर शेतं फिरायला लागतात. घाबरलेला माणूस स्वाभाविकपणे हातातली नियंत्रणाची स्टिक मागे ओढतो, कारण त्याला वर जायचं असतं. त्याने स्टॉल आणखी घट्ट होतो. खाली गेलेला पंख उचलायला म्हणून तो स्टिक बाजूला ढकलतो. त्यानेही बहुधा बिघडतंच. सुटका सगळी उलटी आहे: इंजिन मंद करायचं, गिरकीच्या विरुद्ध दिशेचा रडर पायाने पूर्ण दाबायचा, स्टिक पुढे ढकलायची. जमीन समोर दिसत असताना आणखी जमिनीकडे नाक न्यायचं. गिरकी थांबली की रडर मधोमध आणून हळूच वर काढायचं. हे पुस्तक वाचून येत नाही. पुरेशा उंचीवर जाऊन, मागे शांत आवाजाचा माणूस बसवून, मुद्दाम पुन्हा पुन्हा पडावं लागतं.

म्हणून प्राथमिक प्रशिक्षण विमानाकडून मागणी विचित्र असते. सांगितल्यावर ते गिरकीत गेलं पाहिजे, न सांगता जाता कामा नये, आणि बाहेर ये म्हटलं की आलं पाहिजे. स्टॉल होण्याआधी त्याने अंग थरथरवून इशारा द्यायला हवा. ते इतकं गरीब असून चालत नाही की काहीही केलं तरी पडतच नाही. तसल्या विमानावर शिकलेल्या पोराला पुढे वेगवान विमान फसवतं. आणि इतकं तिखटही नको की पहिल्याच चुकीला शिक्षा.

हे सगळं ठरतं बरंचसं शेपटीवर. सरळ उडताना हवा पुढून येते, आडवी आणि उभी शेपटी दोघींना ती स्वच्छ मिळते. गिरकीत विमान खाली पडत असतं, म्हणजे हवा खालून येते. तेव्हा आडव्या शेपटीच्या मागे विस्कटलेल्या हवेची सावली वर पडते आणि रडर नेमका त्या सावलीत सापडला तर पाय कितीही दाबा, काही होत नाही. म्हणून आडवी शेपटी किती पुढे, किती मागे, किती वर बसवायची, रडरचा किती भाग सावलीबाहेर ठेवायचा, यावर आराखडेकारांच्या रात्री जातात. कागदावरचं उत्तर पुष्कळदा चुकतं. प्रेंटिसचंच पाहा: ब्रिटनमध्ये पहिलं विमान उडाल्यावर शेपटी बदलावी लागली, पंखांची टोकं वर वळवावी लागली. विमानं बनवण्याचा चाळीस वर्षांचा अनुभव पाठीशी असलेल्या देशाची ही गत.

ऑगस्ट १९५१ मध्ये कॅप्टन जमशेद मुन्शी यांनी एचटी-२ चा पहिला नमुना उडवला. मुन्शी कारखान्याचे मुख्य चाचणी वैमानिक. त्या नमुन्याला जिप्सी मेजर इंजिन होतं; फेब्रुवारी १९५२ मध्ये दुसरा नमुना उडाला तो १५५ अश्वशक्तीच्या सिरस मेजर इंजिनावर, आणि तेच पुढे कायम झालं. कमाल वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या थोडा वर. आज पुणे-बंगळूर महामार्गावर काही मोटारी याच्या जवळपास जायचा प्रयत्न करताना दिसतात, त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं. १९५० च्या दशकाच्या मध्याला एचटी-२ हवाई दलात रुजू झालं आणि १९८० च्या दशकापर्यंत तिथे राहिलं. एकूण १७० च्या आसपास विमानं बनली.

आपल्या भागाला याचा आवाज ओळखीचा झाला तो बीदरमुळे. मराठी, कन्नड, उर्दू तिन्ही एकाच गल्लीत ऐकू येणाऱ्या या गावाजवळच्या तळावर हवाई दलाचं प्राथमिक उड्डाणाचं शिक्षण चालायचं, आणि एका पिढीच्या कॅडेटांनी पहिला सोलो इथल्या आकाशात केला. सोलो म्हणजे इन्स्ट्रक्टर उतरतो, पट्टे नीट बांधून रिकाम्या जागेचं झाकण लावतो आणि म्हणतो, जा, एक चक्कर मारून ये. बीदरला पुढे किरण विमानांची सूर्यकिरण तुकडी आली, मग हॉक हे जेट प्रशिक्षण विमान आलं. तळ तोच.

एचटी-२ समुद्रापारही गेलं. १९५७ मध्ये स्वतंत्र झालेल्या घानाला हवाई दल उभारायचं होतं. ते उभारायला भारतीय अधिकारी गेले, एअर कमोडोर जसवंत सिंग तिथले पहिले हवाई दलप्रमुख झाले, आणि घानाच्या मुलांनी पहिले धडे गिरवले ते बंगळूरहून आणलेल्या बारा एचटी-२ वर. स्वतः काहीच वर्षांपूर्वी हे विमान सेवेत घेतलेल्या देशाने ते दुसऱ्याला शिकवायला न्यावं, यात धाडस होतं.

घाटग्यांच्या चमूने यानंतर ज्या वेगाने काम केलं ते पाहिलं की एचटी-२ ने नेमकं कोणाला शिकवलं ते कळतं. १९५८ मध्ये फ्लाइंग क्लबांसाठी पुष्पक, १९५९ मध्ये सैन्याच्या टेहळणीसाठी कृषक, ४ सप्टेंबर १९६४ रोजी किरण हे जेट प्रशिक्षण विमान. तेरा वर्षांत लाकडी कापडी विमानांच्या जमान्यातून जेटपर्यंत. त्याच आवारात कुर्ट टँक या जर्मन आराखडेकाराच्या मार्गदर्शनाखाली मारुत लढाऊ विमानही १९६१ मध्ये उडालं होतं आणि साहजिकच सगळा झोत त्याच्यावर होता. १९६५ मध्ये घाटग्यांना पद्मश्री मिळाली. १९९१ मध्ये ते वारले.

यानंतरचं अर्धशतक सांगताना हात आखडतो. एचटी-२ ची जागा घ्यायला एचपीटी-३२ दीपक आलं. पहिलं उड्डाण जानेवारी १९७७. आसनं शेजारी-शेजारी, नाकाखाली चाक, २६० अश्वशक्तीचं अमेरिकन लायकॉमिंग इंजिन. या विमानाचं इंजिन हवेत बंद पडण्याच्या तक्रारी वर्षानुवर्षं येत राहिल्या. इंधन पोचण्यात दोष होता असं निदान होई, दुरुस्ती होई, पुन्हा तेच घडे. त्यातच दीपक इंजिनाशिवाय फार तरंगत नसे, आणि बाहेर फेकणारी आसनं त्यात नव्हती. कमी उंचीवर इंजिन थांबलं तर समोर जे शेत दिसेल ते. १७ अपघातांत १९ वैमानिक गेले. ३१ जुलै २००९ रोजी तेव्हाच्या आंध्रातल्या मेदकजवळ दोन अधिकारी मृत्युमुखी पडले आणि त्यानंतर हा ताफा जमिनीवर आणला गेला तो कायमचा. ज्या विमानाचं काम चुका पोटात घालणं, तेच बेभरवशाचं निघावं याहून वाईट काय?

आणि सर्वांत बोचणारी गोष्ट अशी, की एचएएलने याच दीपकवर टर्बोप्रॉप, म्हणजे टर्बाइनने पंखा फिरवणारं, इंजिन बसवून एचटीटी-३४ नावाचं विमान १९८४ मध्येच उडवलं होतं. जग त्याच दिशेने चाललं होतं. ते कोणी घेतलं नाही, आणि प्राथमिक प्रशिक्षण विमान आखण्याचं काम बंगळूरला पुढे पंचवीस वर्षं जवळजवळ थंड पडलं. या काळात जे निवृत्त झाले त्यांनी स्पिनबद्दल जे कळलं होतं ते घरी नेलं. सगळा दोष कारखान्याचा असं मी म्हणणार नाही; मागणाऱ्याने नक्की काय हवं ते वेळेवर मागितलं नाही, देणाऱ्याने सांगितलेल्या तारखा पाळल्या नाहीत, आणि दिल्लीत फायली फिरत राहिल्या. १९८२ मध्ये ला फॉन्टेन समितीने प्रगत जेट प्रशिक्षण विमानाची निकड सांगितली. त्यासाठी हॉकचा करार झाला २००४ मध्ये. या दोन तारखांवर वेगळं भाष्य नको.

दीपक थांबल्यावर कॅडेटांना थेट किरणवर बसवण्यात आलं, म्हणजे पहिली यत्ता वगळून तिसरीत. मे २०१२ मध्ये स्वित्झर्लंडच्या पिलाटसकडून ७५ विमानांचा करार झाला आणि २०१३ पासून ती हैदराबादजवळ दुंडिगलला शिकवू लागली. उत्तम विमान आहे, याबद्दल वाद नाही. गरज मात्र १८१ विमानांची होती आणि उरलेली देशातच बनवायची की आणखी आयात करायची, यावर हवाई दल आणि एचएएल यांच्यात चांगलीच जुंपली. एचएएलने स्वतःच्या खिशातून पैसे घालून एचटीटी-४० चा आराखडा रेटला. नोव्हेंबर २०१४ मध्ये गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री झाले आणि काही महिन्यांतच पारडं देशी विमानाकडे झुकलं. ३१ मे २०१६ रोजी एचटीटी-४० बंगळूरहून उडालं. जूनमध्ये त्याचं जाहीर उड्डाण पाहायला पर्रीकर हजर होते.

मग पुन्हा शेपटी. विमान उडत होतं छान, पण स्पिनच्या चाचण्यांपाशी गाडी अडली. आता संगणक होते, बोगद्यातली प्रतिमानं होती, तरीही उभ्या शेपटीत फेरफार करावे लागले. अशा चाचण्यांसाठी शेपटीत एक लहान पॅराशूट बसवतात. गिरकी सुटलीच नाही तर ते उघडून विमान सरळ करायचं. एकेका गिरकीपासून सुरुवात, मग दोन, मग तीन, प्रत्येकीनंतर नोंदी. डावीकडून आणि उजवीकडून सहा गिरक्यांपर्यंत विमान नेऊन बाहेर काढल्यावर २०२१ च्या सुमारास हा टप्पा पार पडला. यात जी वर्षं गेली त्यांवर वर्तमानपत्रांत टीका झाली. काही रास्त होती. पण स्पिनच्या चाचण्या घाईने उरकायला सांगणाऱ्याने त्या विमानात पुढच्या आसनावर बसायची तयारी ठेवावी.

मार्च २०२३ मध्ये ७० विमानांचा सुमारे ६,८०० कोटींचा करार झाला. एचटीटी-४० मध्ये आसनं एकामागे एक आहेत, एचटी-२ सारखीच. बसायची जागा हवाबंद, वेग ताशी साडेचारशे किलोमीटरपर्यंत, आणि धावपट्टीवर उभ्या विमानातूनही सुखरूप बाहेर फेकणारी आसनं. ऑक्टोबर २०२५ मध्ये नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यात या विमानाची दुसरी जोडणीशाळा सुरू झाली आणि त्याच महिन्यात बंगळूरहून मालिकेतलं पहिलं विमान उडालं. इंजिन अमेरिकेतल्या हनिवेल कंपनीचं आहे, ११०० अश्वशक्तीचं. जुलै २०२२ मध्ये अशा ८८ इंजिनांचा करार झाला असून त्यांतला मोठा वाटा एचएएलमध्ये सुटे भाग जोडून बनायचा आहे. विमानं वेळेत सोपवायचं गणित अडलं ते इंजिनांच्या पुरवठ्यापाशी. एचटी-२ चं सिरस मेजर ब्रिटनहून यायचं, दीपकचं लायकॉमिंग अमेरिकेहून. शिकाऊ विमानाएवढंच साधं, चारचौघांत न मिरवणारं एक लहान टर्बोप्रॉप इंजिन बंगळूरच्या एखाद्या चमूला मुळापासून आखायला द्यावं, त्याला वीस वर्षं लागली तर लागू द्यावीत, असं अजून कोणी ठरवलेलं दिसत नाही.